दोन साक्षीदारांची अट

ऑस्ट्रेलियातल्या ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाच्या कार्यालयात फाइलींचा एक साठा होता. मंडळीतल्या ज्या ज्या माणसावर मुलांच्या लैंगिक अत्याचाराचा आरोप झाला, त्याची नोंद १९५० पासून तिथे ठेवलेली होती. २०१५ साली चौकशी आयोगाने हे कागद मागवले. तेव्हा आरोप झालेल्यांची संख्या १,००६ भरली आणि पीडित मुलांची किमान १,८००. या १,००६ पैकी एकाचीही माहिती संस्थेने स्वतः पोलिसांना दिलेली नव्हती.

हे आकडे वाचल्यावर मनात पहिल्यांदा येते ती लपवाछपवी. पण ज्याला नुसते लपवायचे असते तो सहसा इतके लिहून ठेवत नाही. आयोगाचा अहवाल सावकाश वाचला की वेगळेच चित्र दिसू लागते. या मंडळीने तक्रारी कानाआड केलेल्या नव्हत्या. माणसे बोलावली, प्रश्न विचारले, धर्मग्रंथातली वचने काढून पाहिली, निवाडा दिला आणि तो वरच्या कार्यालयाला कळवला. १,००६ पैकी ५७९ जणांनी कबुली दिली होती. ४०१ जणांना बहिष्कृत केले होते आणि त्यांतल्या २३० जणांना पुढे परत घेतले होते. एवढा सगळा खटाटोप झाला, पण त्यात मुलांच्या सुरक्षिततेची हमी कुठेच नव्हती.

या लेखात मला त्या खटाटोपाचीच तपासणी करायची आहे. धार्मिक मंडळीत मुलाच्या छळाचा आरोप झाला तर मंडळीने काय करावे, या प्रश्नावर आपल्याकडे दोन ठरीव उत्तरे मिळतात. श्रद्धाळू म्हणतो, ‘आमच्यात असे होत नाही.’ अश्रद्ध म्हणतो, ‘धर्मसंस्था असल्याच असतात.’ दोन्ही उत्तरे दिली की विषय संपतो आणि मूल होते तिथेच राहते. माझे म्हणणे असे, की मंडळी पुष्कळदा चुकते ती निर्दयतेमुळे नव्हे. जे काम तिचे नाही ते ती मन लावून करते आणि तिथे चुकते. ती न्यायाधीश होते. एकदा न्यायाधीश झाली, की समोरचे मूल तिला फक्त एक साक्षीदार वाटू लागते, आणि तोही अपुरा.

आयोग आणि मंडळी

संस्थांमधल्या बाललैंगिक अत्याचारांची चौकशी करण्यासाठी ऑस्ट्रेलिया सरकारने जानेवारी २०१३ मध्ये हा शाही आयोग नेमला. शाळा, अनाथालये, क्रीडासंस्था, चर्च, आश्रम असे सगळे त्याच्या कक्षेत होते. पाच वर्षांत ५७ जाहीर सुनावण्या झाल्या. ८,००० हून अधिक पीडितांनी बंद दाराआड आयोगाच्या सदस्यांना आपली हकिगत सांगितली, आणि त्यांतल्या ४,००० हून अधिक जणांची हकिगत धार्मिक संस्थांमधली होती. १५ डिसेंबर २०१७ रोजी १७ खंडांचा अंतिम अहवाल सादर झाला. त्यातली एक गोष्ट प्रत्येक विश्वस्ताने आणि मठाधिपतीने ध्यानात ठेवावी अशी आहे. आपल्यावर काय झाले हे पहिल्यांदा कुणाला तरी सांगायला या माणसांना सरासरी जवळजवळ २४ वर्षे लागली होती.

यहोवाच्या साक्षीदारांची सुनावणी सिडनीत जुलै-ऑगस्ट २०१५ मध्ये झाली. त्यांच्याबद्दल लिहिताना आधी एक नोंद केली पाहिजे. हा पंथ लहान आहे आणि त्याने छळ सोसलेला आहे. नाझी जर्मनीत त्यांना छळछावण्यांत टाकून कपड्यांवर जांभळा त्रिकोण लावला जात असे. आपल्याकडे १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या तीन भावंडांच्या बाजूने निकाल दिला. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत, म्हणून शाळेने त्यांना काढून टाकले होते. ती मुले याच पंथाची. त्यांचे ‘टेहळणी बुरूज’ हे मासिक मराठीतही निघते. राज्यसत्तेपासून अंतर राखण्याची त्यांची सवय अशी इतिहासातून आलेली आहे. त्यांना सैतान ठरवून मोकळे होण्यात अर्थ नाही. आपला पंथ, संप्रदाय किंवा जमात जपू पाहणाऱ्या कोणत्याही अल्पसंख्य समूहाला ही सवय ओळखीची वाटेल.

अटीचा उगम

या पंथाचा नियम असा: आरोप झालेला माणूस नाकारत असेल तर किमान दोन साक्षीदार हवेत, त्याशिवाय वडीलमंडळ पुढची धार्मिक कारवाई करणार नाही. एकाच घटनेचे दोन साक्षीदार नसतील तर त्याच माणसाच्या तशाच कृत्याबद्दल वेगवेगळ्या वेळचे दोन जण सांगणारे चालतील. तेही नसतील तर प्रकरण देवावर सोपवायचे. आधार दिला जातो तो जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ पुस्तकाच्या १९ व्या अध्यायाचा, आणि नव्या करारातल्या मत्तयाच्या १८ व्या अध्यायाचा.

मूळ ठिकाणी हा नियम वाईट नाही. ज्या समाजात आरोपाची शिक्षा दगडांनी ठेचून मारण्याची असू शकते, तिथे एका वैऱ्याच्या शब्दावर कुणाचा जीव जाऊ नये, ही काळजी न्यायाचीच आहे. मत्तयामधला संदर्भ तर दोन बरोबरीच्या माणसांमधल्या भांडणाचा आहे. आधी एकट्याने जाऊन बोल, ऐकले नाही तर एक-दोन जण सोबत ने, तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांग. दोन प्रौढ माणसांनी आपसातला तंटा मिटवावा म्हणून सांगितलेली ही रीत आहे. ती आठ वर्षांच्या मुलाला लावली, तर ज्याची भीती वाटते त्याच्याकडेच मुलाला एकट्याने पाठवल्यासारखे होते.

सुनावणीत आयोगाच्या वकिलांनी याच ग्रंथातले दुसरे वचन पुढे ठेवले. ‘अनुवाद’च्याच २२ व्या अध्यायात रानात एकट्या सापडलेल्या मुलीवरच्या बळजबरीचा प्रसंग आहे. तिथे तिची हाक ऐकायला कुणीच नव्हते, म्हणून तिला दोष नाही आणि शिक्षा पुरुषाला, असे ग्रंथ सांगतो. दुसरा साक्षीदार मागितलेलाच नाही. मग येशूला या प्रसंगाबद्दल विचारले असते तर त्याने दोन साक्षीदारांचाच आग्रह धरला असता का, असा वकिलांचा रोख होता. पंथाच्या जागतिक नियामक मंडळाचे एक सदस्य व्हिडिओद्वारे साक्ष देत होते. हा प्रश्न आपल्यालाही येशूला विचारायला आवडेल, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. मला हे उत्तर प्रामाणिक वाटते. पण उत्तर माहीत नसताना नियम मात्र कायम राहिला, आणि त्या अनिश्चिततेची किंमत मुलाने मोजायची असेच ठरले.

इथे आपल्या कायद्याची आठवण करून देण्यासारखी आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १३४ ने एका ओळीत सांगून टाकले होते, की कोणतीही गोष्ट सिद्ध करण्यासाठी साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही. २०२३ च्या नव्या साक्ष कायद्यानेही ते तत्त्व तसेच ठेवले आहे. साक्षीदार किती हे न्यायालय मोजत नाही, सांगितलेले विश्वसनीय आहे का हे पाहते. ते पाहण्यासाठी वैद्यकीय तपासणी, न्यायवैद्यक पुरावा, उलटतपासणी, अपील अशी साधने त्याच्याजवळ असतात. मंडळीजवळ यातले काहीच नसते, म्हणून ती आकड्याचा आधार घेते. दोन साक्षीदारांची अट ही खरे तर मंडळी न्यायदानाला असमर्थ असल्याची कबुली आहे.

वडिलांपुढे वडिलांविरुद्ध

मराठी प्रकाशनांत हा पंथ मंडळीच्या प्रमुखांना ‘वडील’ म्हणतो. शब्द बायबलच्या मराठी भाषांतरातूनच आलेला आहे. पण सुनावणीतली एक साक्ष मराठी वाचकाने वाचली तर त्याला तो टोचल्याशिवाय राहणार नाही.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस क्वीन्सलँड राज्यातली सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी मंडळीच्या वडिलांकडे गेली. तक्रार तिच्या जन्मदात्या वडिलांविरुद्ध होती. ऐकणारे सगळे पुरुष, आणि कुटुंबाच्या परिचयातले. पंथाच्या रीतीप्रमाणे तिला आपला आरोप बापाच्या समोर बसून सांगावा लागला. पुढे अनेक वर्षांनी ती स्वतः पोलिसांत गेली आणि बापाला न्यायालयात शिक्षा झाली. मंडळीच्या पद्धतीत ज्याची माहिती पोलिसांपर्यंत गेली नव्हती, ते तिला स्वतःच्या बळावर न्यावे लागले.

आता आपला पॉक्सो कायदा, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, शेजारी ठेवून पाहा. त्याचे कलम २४ सांगते की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला रुचेल अशा जागी घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, पोलीस गणवेशात नसावेत, आणि जबाब घेताना मुलाची आरोपीशी गाठ पडू देऊ नये. कलम ३६ सांगते की न्यायालयातही साक्षीच्या वेळी मूल आरोपीच्या समोर येणार नाही अशी व्यवस्था करावी. मुलाला आरोपीसमोर बसवले की ते बोलत नाही, हे ओळखूनच या तरतुदी केल्या आहेत. समोरासमोर बसवून सोक्षमोक्ष लावण्याची रीत गावकीत, भावकीत, जातपंचायतीत आणि वडीलमंडळात सारखीच आढळते. सगळे तिला निष्पक्षपणा समजतात. मुलाच्या बाबतीत मात्र तिने आरोपीचाच फायदा होतो.

पश्चात्तापाची मोजणी

वडीलमंडळ दुसरा प्रश्न विचारते तो पश्चात्तापाचा. माणसाने कबुली दिली, तो रडला, क्षमा मागितली, तर त्याला समज देऊन मंडळीत ठेवायचे. पश्चात्ताप दिसला नाही तर बहिष्कृत करायचे, आणि काही काळाने तो दिसू लागला की परत घ्यायचे. ज्या २३० जणांचा उल्लेख सुरुवातीला केला, ते असे परत आले. आरोप झाल्यानंतरही २८ जणांना मंडळीत जबाबदारीची पदे मिळाल्याचे आयोगाला आढळले.

धर्माच्या दृष्टीने पश्चात्तापाचा प्रश्न योग्यच आहे. पापी माणसासाठी दार उघडे ठेवणे हे बहुतेक धर्मांचे वैभव आहे, आणि वाल्याचा वाल्मीकी झाल्याची गोष्ट आपणही सांगतो. अडचण अशी, की पश्चात्ताप हा माणूस आणि देव यांच्यातला विषय आहे, आणि धोका हा माणूस आणि मूल यांच्यातला. पहिला मिटला म्हणून दुसरा मिटत नाही. पाप धुतले गेले असे मंडळी मानू शकते. त्यावरून त्या माणसाच्या हाती बालवर्ग देता येतो, असे मात्र निघत नाही. मंडळीने हे दोन हिशेब एकाच वहीत लिहिले.

हे एकाच पंथाचे म्हणून सोडून देता येत नाही. त्याच आयोगापुढे कॅथॉलिक चर्चची कागदपत्रे आली. जानेवारी १९८० ते फेब्रुवारी २०१५ या काळात ४,४४४ जणांनी चर्चच्या अधिकाऱ्यांकडे बाललैंगिक अत्याचाराची तक्रार केलेली होती. तिथे दोन साक्षीदारांची अट नव्हती. धर्मगुरूला समज दिली जाई, उपचारांना पाठवले जाई आणि मग दुसऱ्या धर्मग्रामात बदली होई. नव्या ठिकाणच्या पालकांना काही कळत नसे.

तिसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. न्यू साउथ वेल्समधल्या मँग्रोव्ह माउंटन इथला योगाश्रम बिहारमधल्या मुंगेरच्या परंपरेतून निघालेला. १९७० आणि १९८० च्या दशकांत तिथल्या आध्यात्मिक प्रमुखाने आश्रमात राहणाऱ्या मुलांवर केलेल्या अत्याचारांची सुनावणी आयोगाने डिसेंबर २०१४ मध्ये घेतली. तिथे बायबल नव्हते, वडीलमंडळ नव्हते. होती ती गुरुशरणता. मुले आईवडिलांपासून वेगळी ठेवली जात, कारण आश्रम हेच कुटुंब. दुःख सोसणे, विरोध न करणे ही अहंकार गळण्याची खूण मानली जाई. गुरूकडून होणारी पीडाही साधनेत जमा होई.

तीन ठिकाणी तीन तत्त्वज्ञाने होती. एका ठिकाणी ग्रंथाचे वचन, दुसरीकडे पदांची उतरंड, तिसरीकडे गुरूवरची निष्ठा. परिणाम सारखाच झाला, म्हणजे कारण कोणत्या एका धर्माच्या ग्रंथात शोधून भागणार नाही. तिन्ही ठिकाणी आतल्या माणसांनी आतल्याच माणसाबद्दल निर्णय घेतला, आणि तो घेताना मंडळी टिकली पाहिजे हे गृहीत धरले. मूल त्या हिशेबात शेवटी आले.

इथे आयोगाबद्दलही एक तक्रार नोंदवतो. अंतिम अहवालाने यहोवाच्या साक्षीदारांना तीन गोष्टी सुचवल्या. बाललैंगिक अत्याचाराच्या तक्रारींत दोन साक्षीदारांची अट सोडावी, चौकशीत स्त्रियांना घ्यावे आणि पंथ सोडून जाणाऱ्या पीडितांवर बहिष्कार टाकू नये. पोलिसांना कळवण्याचे बंधन आयोगाने अन्य खंडांत सविस्तर मांडले आहे, हे खरे. पण ही तीन कलमे सुटी वाचली तर असे वाटते की वडीलमंडळाचे न्यायालय थोडे सुधारले की काम भागेल. मला ते पटत नाही. साक्षीदार एक पुरेसा मानला आणि पंचांत दोन बायका बसवल्या, तरी ते हौशी न्यायालयच राहते. प्रश्न अटीचा कमी आणि आसनाचा जास्त आहे.

आपल्या घरात

२००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने बालछळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोवा धरून १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी त्यासाठी बोलणे झाले. ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला. छळ करणाऱ्यांतले निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. गोव्याने तर याआधीच, २००३ मध्ये, स्वतंत्र बाल कायदा केला होता. मडगावला अनाथ मुलांसाठी ‘गुरुकुल’ चालवणाऱ्या, समाजात मान असलेल्या माणसाला १९९१ मध्ये अटक आणि १९९६ मध्ये शिक्षा झाल्याची पार्श्वभूमी त्याला होती.

पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. धार्मिक संस्थेचा त्यात नाव घेऊन उल्लेख आहे. धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा सेवेतल्या माणसाने तिथल्या मुलावर अत्याचार केला तर तो अधिक गंभीर अपराध ठरतो. कलम १९ प्रमाणे असा अपराध घडल्याचे ज्याला कळले, किंवा घडेल अशी ज्याला धास्ती आहे, त्या प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचे आहे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल कळवले नाही तर एक वर्षापर्यंत. सद्भावनेने कळवणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथे आदिवासी मुलींच्या वसतिगृहातले प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. माहिती असून न कळवल्याचा आरोप मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर होता. उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला, आणि न कळवणे हा स्वतंत्र, गंभीर अपराध असल्याचे सांगितले.

म्हणजे कायदा स्पष्ट आहे. तरीही मंडळी गप्प का राहते? कारण पीडित मुलाचे घरही मंडळीतच असते. आसारामविरुद्ध २०१३ मध्ये तक्रार करणारी मुलगी त्याच्याच गुरुकुलात शिकत होती आणि तिचे आईवडील त्याचे भक्त होते. एप्रिल २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. मधल्या काळात त्याच्याविरुद्धच्या प्रकरणांतल्या साक्षीदारांवर हल्ले झाले आणि काहींचे जीव गेले. केरळमधल्या कोट्टियूरच्या २०१७ च्या प्रकरणात तर याहून विदारक घडले. गुन्हा धर्मगुरूने केला होता, पण सुरुवातीला मुलीच्या बापानेच तो स्वतःवर घेतला. धर्मगुरूला २०१९ मध्ये शिक्षा झाली. स्वतःवर असा कलंक घ्यायला बाप तयार होतो, तिथे मंडळीचे वजन किती असेल याचा वाचकांनीच अंदाज करावा.

या वजनातला मोठा भाग बहिष्काराच्या भीतीचा असतो. महाराष्ट्राला हे नव्याने सांगायला नको. जातपंचायतींच्या जाचानंतर आपण २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. धर्मपंथाच्या बहिष्काराचा प्रश्न मात्र अजून लोंबकळत आहे. मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा दाऊदी बोहरा धर्मप्रमुखांच्या याचिकेवर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, आणि त्या निकालाचा फेरविचार २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला. हा वाद आजवर धर्मस्वातंत्र्य विरुद्ध व्यक्तिस्वातंत्र्य असा मांडला गेला. पोलिसांत गेलो तर लग्नकार्य, दफन, नातीगोती तुटतील या धास्तीने जे घर मुलाला गप्प बसवते, तेही या वादाच्या एका टोकाला उभे आहे.

मंडळीने करायचे काय

आता विधायक बाजू. मठ, मदरसा, संडे स्कूल, वेदपाठशाळा, राहून शिकण्याच्या वारकरी संस्था, सत्संगाचे बालसंस्कार वर्ग, या सगळ्यांना लागू पडेल असे मला जे दिसते ते सांगतो.

पहिले, खरे-खोटे ठरवायला बसू नये. मुलाने सांगितले ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहून घ्यावे, पुन्हा पुन्हा विचारू नये, आणि त्याच दिवशी पोलिसांना कळवावे. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. विश्वस्तांची सभा बोलावून ठराव करण्याची वाट पाहणे कायद्याला मान्य नाही.

दुसरे, ज्याच्यावर आरोप आहे त्याला त्याच दिवसापासून मुलांच्या कामातून बाजूला करावे. ही शिक्षा नव्हे. त्याला दोषी म्हणू नये, निर्दोषही म्हणू नये. बँकेत अफरातफरीची तक्रार आली तर चौकशीपुरते रोखपालाला रोकड हाताळू देत नाहीत, त्यात त्याची बदनामी नसते. दुसऱ्या गावी पाठवणे हा मात्र उपाय नव्हे.

तिसरे, मुलाला आणि आरोपीला समोरासमोर आणू नये, आणि मुलाकडे क्षमा मागायला कुणालाही पाठवू नये. क्षमा करायची की नाही हे त्या मुलाने मोठे होऊन ठरवायचे आहे. मंडळीच्या सोयीसाठी ती त्याच्याकडून काढून घेतली तर तीही एक बळजबरीच.

चौथे, तक्रार ऐकणाऱ्यांत स्त्री असावी आणि मंडळीबाहेरची एक व्यक्ती असावी. तिचे नाव आणि फोन नंबर मुलांना वाचता येईल अशा जागी लावलेला असावा.

पाचवे, मंडळीला सांगावे. मुलाची ओळख उघड करणे कायद्यानेही गुन्हा आहे, म्हणून ती जपूनच सांगावे. पण काहीच न सांगितल्याने दुसऱ्या मुलांचे पालक आपल्या मुलांना विचारू शकत नाहीत. तक्रार करणाऱ्या घराशी बोलणे, पंगत, येणेजाणे सुरूच राहील हे प्रमुखाने जाहीरपणे, नाव न घेता सांगावे. मंडळीचे खरे काम इथे सुरू होते, आणि ते पोलीस किंवा न्यायालय करू शकत नाही.

यावर आक्षेप येतील, आणि ते हलके नाहीत. खोट्या आरोपाचे काय? खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढाला कायद्यात शिक्षा आहे. पण त्याहून महत्त्वाचे असे, की निर्दोष माणसाची सुटका कसलेल्या तपासातूनच नीट होते. मंडळीने आतल्या आत दिलेल्या निर्दोषत्वावर बाहेरचा कुणी विश्वास ठेवत नाही, आणि आतलेही कुजबुजत राहतात.

पापनिवेदनात ऐकलेल्या गोष्टीचे काय? कलम १९ मध्ये त्यासाठी सूट लिहिलेली नाही. ऑस्ट्रेलियन आयोगाने अशी सूट नको म्हटले आणि व्हिक्टोरिया राज्याने २०१९ मध्ये तसा कायदा केला. त्याच वर्षी पोपनी अशा प्रकरणांवरचे धर्मपीठाचे गोपनीयतेचे बंधन उठवले, पण पापनिवेदनाची गुप्तता कायम ठेवली. हा पेच पूर्ण सुटलेला नाही. मात्र यहोवाच्या साक्षीदारांच्या फाइलींतली प्रकरणे वडिलांच्या चौकशीतून, पत्रांतून, फोनवरून कळलेली होती. तिथे पेचाचे निमित्त पुढे करता येत नाही.

मुलाचीच इच्छा नसेल तर? हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. सक्तीने कळवावे लागेल या धास्तीने काही मुले सांगणारच नाहीत, असे मुलांबरोबर काम करणारे लोकही म्हणतात. त्यावर मार्ग एकच दिसतो. मुलाला आधीच सांगावे, की हे मी एकट्याजवळ ठेवू शकणार नाही, पण पुढे प्रत्येक ठिकाणी मी तुझ्यासोबत येईन. आणि मग खरोखर जावे. पोलीस ठाण्यात, दवाखान्यात, न्यायालयाच्या तारखांना. खटला वर्षानुवर्षे चालतो. त्या वर्षांत मुलासोबत कोण उभे होते, यावरून ती मंडळी कोणती होती हे ठरेल.

यहोवाच्या साक्षीदारांची बाजूही पूर्ण करतो. पोलिसांत जाण्याचा हक्क पीडिताला आणि कुटुंबाला आहे, आमची चौकशी धार्मिक आहे, ती पोलिसांच्या जागी नाही, असे त्यांनी आयोगाला सांगितले. २०१७ च्या फेरतपासणीतही दोन साक्षीदारांचा नियम ग्रंथावर आधारलेला म्हणून त्यांनी सोडला नाही. हक्क आहे, हे कागदावर खरे आहे. पण ज्या मुलीला आपल्या सगळ्या जगाचे प्रमुख सांगतात की प्रकरण देवावर सोपवले आहे, तिला तो हक्क वापरायला किती बळ लागेल! हक्क आहे म्हणणाऱ्याने तिला ठाण्यापर्यंत सोबत द्यायची असते. वडिलांनी ती दिली असती तर ग्रंथातले एकही वचन मोडले नसते. मंडळीपुरता निवाडा त्यांनी खुशाल दोन साक्षीदार मिळेपर्यंत थांबवला असता. पोलिसांना कळवायला दोन साक्षीदार लागतात, असे त्यांच्या ग्रंथात किंवा आपल्या कुणाच्याही ग्रंथात लिहिलेले मला आढळलेले नाही.